बारमाही म्हणजे नक्की किती महिने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"बारमाही" म्हणजे बारा महिने, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

वाटतं तसं, पण आहे. या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. उघडं असणं वेगळं, चालू असणं वेगळं आणि वापरता येणं तर त्याहून वेगळं. मी एकदा ऐन थंडीत डोंगरावरच्या एका लॉजला गेलो होतो, पाटीवर ठळक अक्षरात "वर्षभर खुले", बेल वाजवली तर पाच मिनिटांनी केअरटेकर आला, अंगावर दोन स्वेटर आणि हातात बादली, कारण पाइप गोठलेले होते आणि नळाला चार दिवस पाणी नव्हतं, हीटर एकाच खोलीत आणि त्या खोलीत तो स्वतः झोपत होता. मी म्हटलं अहो पाटीवर तर खुले लिहिलंय, तर तो म्हणे, "मग उघडं आहेच की, दार उघडलं ना मी." तेव्हापासून ही पाटी कुठेही दिसली की मी आधी विचारतो, उघडं म्हणजे काय उघडं?

पाऊस चारच महिने पडतो, मग नदी बारमाही कशी वाहते?

कारण नदीत दिसणारं पाणी नुकतंच पडलेल्या पावसाचं असतंच असं नाही. पावसाचं बरंचसं पाणी जमिनीत मुरतं आणि मातीतून, खडकाच्या भेगांतून इतक्या सावकाश पुढे सरकतं की नदीपर्यंत यायला त्याला आठवडे, महिने, कधी कधी वर्षंही लागतात. पाऊस थांबल्यावर नदी वाहते ती या पाझरावर. भूजलाची पातळी नदीच्या तळाच्या वर असेल तोवर नदी जिवंत, ती तळाच्या खाली गेली की आधी डबकी उरतात आणि मग नुसते दगड. म्हणून आजूबाजूला वारेमाप उपसा झाला की पाऊस तेवढाच पडूनही पूर्वीची बारमाही नदी हंगामी होते, आणि लोक म्हणतात पाऊस कमी झाला. (कमी झालेला असतोही कधी कधी, पण सगळं बिल पावसाच्या नावावर फाडू नये.)

दुसरा मार्ग बर्फाचा. हिमालयातल्या नद्यांना ऐन उन्हाळ्यात वरून वितळलेलं पाणी मिळतं, म्हणजे थंडीत साठवायचं आणि गरज असते तेव्हा सोडायचं, एकदम हिशेबी काम.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, तो काँगो नदीचा. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, तिचं खोरं दोन्ही गोलार्धात पसरलंय, त्यामुळे उत्तरेकडे कोरडा हंगाम असतो तेव्हा दक्षिणेकडे पाऊस चालू असतो आणि उलटही, म्हणजे खोऱ्यात कुठे ना कुठे पाऊस असतोच. एवढी प्रचंड नदी असून तिचा प्रवाह वर्षभर बऱ्यापैकी एकसारखा राहतो तो यामुळे. नाइलचं तसं नाही, तिथे पुराचं पाणी मुख्यतः इथिओपियातून येणाऱ्या निळ्या नाइलचं आणि कोरड्या महिन्यांत नदी धरून ठेवायचं काम पांढऱ्या नाइलचं. एकीने गाजायचं आणि दुसरीने निभवायचं.

एक बारीक गंमत सांगतो, जमलं तर बघा. काठाला दाट झाडी असलेला एखादा छोटा ओढा कोरड्या दिवसांत सकाळी बघा, एका दगडावर पाण्याची खूण करून ठेवा आणि संध्याकाळी परत या. बऱ्याचदा पाणी बोटभर खाली गेलेलं असतं आणि रात्रीतून परत वर येतं. दिवसा झाडं मुळांनी पाणी ओढत असतात, रात्री थांबतात.

थंडीत विहिरीचं पाणी कोमट का लागतं? खालून गरम होतं का?

नाही हो. काही मीटर खोल गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ तेच राहतं, साधारण त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकं. पाणी तेच असतं, आपण गारठलेले असतो. उन्हाळ्यात तेच पाणी गार लागतं.

थंड देशांतली काही बंदरं वर्षभर चालू आणि काही गोठतात. जेवढं उत्तरेला तेवढं आधी गोठणार, बरोबर?

इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो. रशियाची दोन बंदरं घ्या. मुर्मान्स्क साधारण ६९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही वर, आणि व्लादिवोस्तोक ४३ अंशावर. कुठलं गोठत असेल? व्लादिवोस्तोक! तिथे थंडीत आइसब्रेकर (बर्फ फोडणारी जहाजं) चालवून वाट मोकळी ठेवावी लागते आणि मुर्मान्स्कचं पाणी मात्र हिवाळाभर जहाजांना मोकळं असतं. हवा दोन्हीकडे जानेवारीत शून्याच्या चांगलीच खाली असते, फरक समुद्रात आहे. मुर्मान्स्कपर्यंत अटलांटिकच्या उबदार प्रवाहाचं शेपूट पोचतं, व्लादिवोस्तोकवर थंडीभर खंडाच्या पोटातून कोरडे गार वारे येतात आणि समुद्राकडून उबेची मदत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, मुर्मान्स्क वसवलंच गेलं ते बारा महिने मोकळं राहणारं पाणी हवं होतं म्हणून.

त्यात मिठाचाही हात आहे. गोडं पाणी शून्य अंशाला गोठतं, नेहमीचं खारं समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ ला. फरक छोटा दिसतो पण खेळ वेगळाच होतो, कारण गोडं पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वरच तरंगतं आणि वरच्यावर पटकन गोठतं, खारं पाणी मात्र गोठेपर्यंत जड होत जातं, गार झालेलं पाणी खाली बुडत राहतं आणि खालचं वर येत राहतं, म्हणजे खालचा बराच जाड थर गार झाल्याशिवाय वर बर्फ धरत नाही. बाल्टिक समुद्रात मीठ फार कमी, म्हणून तो उथळ भागांत भराभर गोठतो. स्वीडनमधल्या किरुनाचं लोहखनिज नॉर्वेतल्या नार्विक बंदरातून बाहेर जातं त्यामागेही हेच कारण, बाल्टिककडचं लुलेओ बंदर थंडीत गोठायचं, मग डोंगर ओलांडून पलीकडे रेल्वे नेली.

आइसब्रेकर असला की कुठलंही बंदर बारमाही होतं ना?

होतं, पण भाड्याच्या घरासारखं, दर महिन्याला मोजावं लागतं. फिनलंडमध्ये कडक थंडीत सगळीच बंदरं गोठू शकतात आणि तरी त्यांचा समुद्री व्यापार चालू राहतो, कारण आइसब्रेकर जहाजांना मागे घेऊन वाट फोडत नेतात. वाट एकदा फोडली की झालं असंही नाही, मागचं पाणी परत गोठतं, वारा आला तर बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून कड्यासारखे उभे राहतात आणि मधे अडकलेलं जहाज सोडवायला आइसब्रेकरला उलटं यावं लागतं. कमी ताकदीच्या जहाजांना तर थंडीत मदतच मिळत नाही, तसे नियमच असतात. म्हणजे बंदर उघडं, पण प्रत्येकासाठी नाही.

आणि काही ठिकाणी लोक शहाणपणाने बंद ठेवतात. अमेरिकेत सुपीरियर आणि ह्युरॉन या सरोवरांमधले सू लॉक्स (पाणी भरून-काढून जहाजांना वर-खाली नेणारे बंदिस्त हौद) दरवर्षी १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, त्यातलं पाणी काढून टाकतात आणि जी दुरुस्ती पाण्यात करता येत नाही ती तेव्हा उरकतात. कॅनडातलं माँट्रियल बंदर १९६४ पासून थंडीतही चालू आहे, पण त्याच्या वरच्या अंगाचा सेंट लॉरेन्स सीवे हा जहाजांचा जलमार्ग हिवाळ्यात बंदच असतो. एकाच नदीवर एक बारमाही आणि एक हंगामी.

डोंगरातला रस्ता "ऑल वेदर" आहे म्हणजे कधीही जाता येतं का?

बोगदा असेल तर बऱ्यापैकी, तरी विचारून जा. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९.०२ किलोमीटर, त्यामुळे रोहतांग खिंड बर्फाखाली असतानाही लाहौलचा रस्ता जोडलेला राहतो, आधी तो भाग थंडीत महिनोन्‌महिने तुटलेला असायचा. पण बोगद्याच्या पोटात बर्फ पडत नाही, तोंडाशी पडतो! दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर हिमवर्षाव किंवा हिमकडा कोसळला की वाहतूक थांबते, किंवा फक्त फोर व्हील ड्राइव्ह गाड्या सोडतात. बोगदा उघडा आहे आणि तुम्ही अलीकडेच अडकलेले.

याच्या बरोबर उलटा नमुना म्हणजे आल्प्समधली ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड, उंची २,४६९ मीटर. वरचा रस्ता वर्षातला निम्म्याहून जास्त काळ बर्फामुळे बंद असतो, खालून १९६४ चा बोगदा वर्षभर चालतो. आणि वर, त्या बंद रस्त्यावर, अकराव्या शतकात वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा मात्र थंडीतही उघडी असते. गाडी जात नाही, शेवटचे काही किलोमीटर स्की नाहीतर स्नोशू घालून चढायचं. रस्ता बंद आणि दार उघडं. लॉजवाल्या केअरटेकरला मी हे सांगायला हवं होतं.

फक्त थंडीतच चालू आणि उन्हाळ्यात बंद, असं काही असतं का?

असतं की. कॅनडाच्या उत्तरेत गोठलेल्या तळ्यांवरून जाणारे बर्फाचे रस्ते. टिबिट ते कॉन्टवॉयटो हा हिरेखाणींकडे जाणारा रस्ता वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने चालू असतो, तेवढ्यात वर्षभराचं इंधन आणि अवजड सामान ट्रकने पोचवायचं. ट्रक मुद्दाम हळू चालवतात, कारण वेगाने गेलं तर बर्फाखाली पाण्याची लाट तयार होते आणि ती पुढचा बर्फ फोडते. खाण बारमाही, रस्ता हंगामी.

दक्षिण ध्रुवावर वर्षभर माणसं राहतात म्हणे, खरं का?

खरं. अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट स्टेशन १९५६ पासून तिथे आहे आणि तेव्हापासून तिथे सलग माणसं आहेत. पण "वर्षभर चालू" याचा तिथला अर्थ ऐका. फेब्रुवारीच्या मध्याला शेवटचं विमान उडतं आणि त्यानंतर साधारण ऑक्टोबर अखेर किंवा नोव्हेंबरपर्यंत नेहमीचं विमान येत नाही. उन्हाळ्यात दीडशेच्या आसपास माणसं असतात, थंडीत चाळीस-पंचेचाळीस. सूर्य मार्चमध्ये मावळतो तो थेट सप्टेंबरमध्ये उगवतो, थंडी उणे ६० च्या घरात, इतक्या थंडीत विमानाचं इंधन आणि हायड्रॉलिकचं तेल घट्ट होतं, उतरलेलं विमान परत उडेल याची खात्री नसते. म्हणजे स्टेशन चालू, कामं चालू, फक्त दरवाजा आठ-नऊ महिने बंद.

१९९९ च्या हिवाळ्यात तिथल्या डॉक्टर जेरी नीलसन यांना स्वतःच्याच स्तनात गाठ सापडली. स्टेशनवर डॉक्टर त्या एकट्याच. जुलैमध्ये विमानातून अंधारात औषधं आणि सामान खाली टाकलं गेलं, सहकाऱ्यांना शिकवून त्यांनी स्वतःवरच उपचार सुरू केले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना बाहेर काढता आलं. नंतर २००१ च्या एप्रिलमध्ये आणि २०१६ च्या जूनमध्ये आजारी माणसांना आणायला स्कीवर उतरणारी छोटी ट्विन ऑटर विमानं हिवाळ्यातही गेली, म्हणजे अशक्य नाही, पण त्याला सेवा चालू आहे असं कोणी म्हणणार नाही.

अंटार्क्टिक भागातलं सगळ्यात जुनं, न थांबता चालू असलेलं ठाणं अर्जेंटिनाचं ऑर्काडास, १९०४ पासून. भारताची मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२) ही दोन्हीही हिवाळ्यात माणसं ठेवणारी ठाणी आहेत.

सदाहरित झाडांची पानं गळतच नाहीत का?

सदाहरित झाडाखाली रोज झाडू मारणाऱ्याला हा प्रश्न विचारा, तो हसेल. गळतात, वर्षभर गळतात, फक्त सगळी एकदम गळत नाहीत, जुनी जातात तोवर नवी आलेली असतात. पाइनची एक सुई साधारण दोन ते काही वर्षं टिकते, ब्रिसलकोन पाइनची तर तीस वर्षंही.

आणि हिरवं आहे म्हणजे काम चालू आहे असंही धरू नका. अगदी उत्तरेकडची सूचिपर्णी झाडं कडक थंडीत प्रकाशसंश्लेषण जवळजवळ बंद ठेवतात, मुळांना पाणी मिळत नाही कारण जमीन गोठलेली, पानावर पडलेला सूर्यप्रकाश ती उष्णता म्हणून सोडून देतात. दिवे लावलेले आणि काउंटरवर कोणी नाही, तसं.

सदाफुली मात्र नावाला जागते, बरं का. मूळची मादागास्करची, उबदार हवा आणि ऊन मिळालं की सतत फुलते कारण दिवस लहान की मोठा याची ती वाट बघत बसत नाही. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं हिच्यातूनच मिळाली. पण कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवली तर मरते, मग कसली सदा आणि कसली फुली.

थंडीत मधमाश्या झोपतात का?

नाही. पोळ्यात एकमेकींना चिकटून चेंडूसारखा गोळा बनवतात आणि उडायचे स्नायू पंख न हलवता थरथरवून ऊब तयार करतात. बाहेर शून्याखाली असताना गोळ्याच्या मधे २० अंशांच्या वर असतं, अळ्या असतील तर ३४-३५. कडेच्या माश्या गारठल्या की आत सरकतात. जळण म्हणून साठवलेला मध. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, थंडीतली काही महिने. शांत थंड दिवशी पेटीला कान लावला तर आतून बारीक गुणगुण ऐकू येते, ते हीटरचं आवाज करणं समजा.

काही कारखाने दिवाळी-नाताळ काहीही असो बंदच होत नाहीत, उगाच का?

उगाच नाही, बंद केले तर परत चालू होत नाहीत म्हणून! लोखंडाची झोतभट्टी एकदा पेटवली की आतलं अस्तर झिजेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस वर्षंही चालवतात. अचानक थंड होऊ दिली तर आतलं लोखंड आणि मळी एकत्र गोठून दगड होतो, मग तो फोडून काढण्यात महिने जातात. काचेच्या भट्टीचं तेच, तिथे तर मागणी नसली तरी काच वितळवत राहतात आणि तयार काच फोडून परत आत टाकतात.

अणुभट्ट्यांचं वेगळं आहे. बऱ्याच अणुभट्ट्या दीड-दोन वर्षांनी इंधन बदलायला थांबवाव्याच लागतात. जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरणाऱ्या काही भट्ट्यांत मात्र चालू असतानाच इंधन बदलता येतं, म्हणून कर्नाटकातल्या कैगाचं पहिलं युनिट २०१८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत सलग ९६२ दिवस चाललं, तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या एका युनिटने तो मोडला आणि ते २०२१ पर्यंत सलग १,१०६ दिवस चाललं.

ऑनलाइन सर्व्हिस "९९.९ टक्के वेळ चालू" म्हणजे कायम चालूच ना?

वर्षातले पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. आणि ठरवून केलेला मेंटेनन्स बऱ्याच करारांत यात धरतच नाहीत, ती ओळ बारीक अक्षरात असते. ते पावणेनऊ तास एकदम तुमच्या कामाच्या दिवशी आले तर काय, हे आधी विचारून घ्या.

"ऑल सीझन" वस्तू घ्यावी की दोन वेगळ्या?

वस्तूवर आहे. इंजिन ऑइलमध्ये ऑल सीझन डोळे झाकून घ्या, ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा विंटरचा, असं मल्टिग्रेड तेल यायच्या आधी लोक थंडीत पातळ आणि उन्हाळ्यात जाड तेल बदलत बसायचे, तो त्रास संपला. टायरचं तसं नाही. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, थंडीच्या टायरचं मऊ राहतं पण गरम रस्त्यावर लवकर झिजतं, ऑल सीझन दोन्हीच्या मधे, म्हणजे खरा बर्फ पडत नसेल तिथे ठीक. बर्फात जायचं असेल तर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची पाकळी असं चिन्ह आहे का बघा, नुसतं "ऑल सीझन" लिहिलेलं पुरत नाही.

तंबूचं नाव सगळ्यात फसवं. "फोर सीझन" तंबू म्हणजे खरं तर थंडीचा तंबू, वारा आणि बर्फाचं वजन पेलायला जाड कापड, जास्त खांब, कमी जाळी, उन्हाळ्यात आत झोपाल तर घामाने निथळाल.

स्वतःच कायम चालू असणारं, कोणी राखत नाही असं काही आहे का?

इटलीतला स्ट्रोम्बोली ज्वालामुखी. दोन हजारांहून जास्त वर्षं थोड्या थोड्या वेळाने उसळतोय, रात्री लांबून दिसतो म्हणून खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत आलेत. पण तो चालू आहे, उघडा आहे असं नाही, वर जायला बंदी-नियम असतात.

लीप वर्षात वर्षभर म्हणजे ३६६ दिवस धरायचे का?

धरा, आणि ज्याने यंत्र बनवलंय त्यानेही धरलेत ना याची खात्री करा. २००८ च्या ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टचे झून ३० जीबी हे म्युझिक प्लेअर जगभर एकाच दिवशी बंद पडले, कारण तारीख मोजणारा कोड ३६६ व्या दिवशी गोल गोल फिरत अडकला. वर्षाचे ३६५ दिवस उत्तम चालले होते. कंपनीने उपाय सांगितला तो असा, बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिचच्या दुपारनंतर परत चालू करा.